माहेरी तुम्हाला काय म्हणतात?

आमच्या कामाला फाइलीवर फार लांबलचक नाव होतं : 'लोककल्याणाच्या विभागांसाठी सामाईक सेवाधारित संगणक रचना'. धाराशिवच्या आमच्या कचेरीत मात्र त्याला सगळे 'गिरणी' म्हणत. चहावाला दारातूनच विचारायचा, "गिरणीवाल्यांना किती?" नव्यानं बदलून आलेल्या एका तहसीलदारांनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "कचेरीच्या आवारात पिठाची गिरणी चालते, हे नियमात बसतं का हो?"

मी त्या गिरणीवरचा एक माणूस. जिल्ह्याच्या संगणक कक्षात नोकरी केली, तुळजापूरहून रोज एसटीनं ये-जा केली आणि निवृत्त झालो. या अंकासाठी कामाविषयी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. यंदा आमच्या घरी दिवाळी नाही. माझी पत्नी वसुधा उन्हाळ्यात गेली. घरात आता पुस्तकं आहेत आणि मी आहे. पण लिहायला बसलं की दिवसाचा काही भाग बरा जातो असं लक्षात आलं. शिवाय जे सांगण्यासारखं आहे, त्यात तिचा वाटा आहे. म्हणून लिहितो आहे, हळूहळू.

आधी काम काय होतं ते सांगतो. संगणक म्हटलं की पुष्कळ लोक कान बंद करून घेतात, पण हे कुणालाही कळण्यासारखं आहे.

समजा, एखाद्या बाईचा नवरा गेला. तिला निराधार अनुदानासाठी तहसीलमध्ये जावं लागतं. शिधापत्रिकेवरचं नाव कमी करायला पुरवठा विभागात. पोरगं लहान असेल तर अंगणवाडीत. घरात कुणी अपंग असेल तर समाजकल्याणमध्ये. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच : नाव काय, गाव कुठलं, घरात कोण कोण, नवरा कधी गेला. बाई बिचारी प्रत्येक खिडकीशी नव्यानं सांगणार आणि नव्यानं रडणार. कारण प्रत्येक विभागानं आपापलं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपन्यांकडून करून घेतलेलं. बांधावरून भांडलेल्या भावकीसारखी ती एकमेकांशेजारी राहत, पण बोलत नसत.

यावर एक उपाय असा असतो की सगळं मोडायचं आणि एकच अवाढव्य सॉफ्टवेअर बांधायचं. तो सहसा फसतो, कारण कुठलाच विभाग आपलं घर सोडायला तयार नसतो. दुसरा उपाय आमचा. ज्याचं त्याचं घर ज्याला त्याला राहू द्यायचं. फक्त सगळ्यांना लागणारी दोन-तीन कामं बाहेर काढायची : माणसाची ओळख पटवणं, त्याचा पत्ता सांगणं, एका विभागाची सूचना दुसऱ्याला पोचवणं. ही कामं एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीनं करून द्यायची. कुणीही या, ठरलेल्या रीतीनं मागा आणि घेऊन जा.

पहिल्या बैठकीत हे समजावताना मी बलुतेदारीची उपमा दिली. प्रत्येक घरात सुतार नसतो, गावाचा एक सुतार असतो आणि सगळी घरं त्याच्याकडे जातात, वगैरे. मला ती उपमा फार आवडली होती. समाजकल्याणचे सरवदे साहेब समोरच बसले होते. त्यांनी कप बशीत ठेवला.

"मुळे सर, उपमा बदला."

"का हो?"

"तुमच्या चित्रात सुतार दिसतो, लोहार दिसतो. माझा आजोबा कुठं उभा राहायचा, ते काय दिसत न्हाय त्यात."

मी वहीतली ती उपमा खोडली. महिला-बालविकासच्या शेख मॅडम अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका. जिल्ह्यातलं एकही गाव त्यांनी पायाखालून घालायचं बाकी ठेवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "गिरणी म्हणा ना सर. तिथं सगळ्यांचेच डबे एका रांगेत असत्यात."

सरवदे साहेब हसले. "हां, हे जमलं. आन् गिरणीवाला कधी कुणाला विचारत न्हाय, की बाई, भाकरी करणार का शेव पाडणार. दळून देतो आन् डबा परत."

सामाईक सेवेची याहून चांगली व्याख्या मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही, आणि मी पुस्तकं पुष्कळ वाचतो. डबा ज्याचा त्याचा, जातं एकच, आणि नको त्या चौकशा नाहीत. पुण्याच्या ज्या कंपनीकडे काम होतं, तिची केतकी नावाची इंजिनिअर त्या बैठकीला होती. कमी बोलणारी, चोख काम करणारी बाई. तिनं फळ्यावर लिहिलं, 'एकदाच सांगा'. नागरिकानं आपली गोष्ट सरकारला एकदाच सांगायची, पुढं आम्ही पोचवू. ते आमचं ब्रीदवाक्य झालं आणि त्याचा मला अभिमान होता. अजून आहे.

पण आपल्या जिल्ह्यात माणूस सरळ ओळख देत नाही. पत्त्याचीच गंमत सांगतो. मेंढ्या राखणाऱ्या एका कुटुंबाला आमच्या माणसानं पत्ता विचारला. म्हातारा म्हणाला, "पावसाळ्यात हितं. मंग मेंढरं नेतील तितं." आमच्या चौकटीत ते बसेना. केतकीनं डोकं चालवलं आणि पत्त्याबरोबर महिना लिहायची सोय केली. म्हातारा पुढच्या खेपेला भेटल्यावर म्हणाला, "आता बसलो का तुमच्या डब्यात?" बसला. उसाच्या टोळ्यांनाही नंतर तीच सोय उपयोगी पडली. असे छोटे विजय रोज होत आणि आम्ही जरा फुशारलो होतो.

त्याच सुमारास सोजर हरवली.

येरमाळ्याजवळच्या एका गावातली ही मुलगी. लग्न होऊन वर्ष होत आलेलं, दिलेली मुरुमकडे. पंचमीच्या सणाला माहेरी आली तेव्हा दिवस गेलेले होते. गावच्या आशा कार्यकर्तीनं, मंगलनं, तिचं नाव नोंदवलं आणि तपासणीला नेलं. डॉक्टरांना तिच्या हृदयाच्या झडपेत दोष सापडला. त्यांनी स्पष्ट सांगितलं : हिचं बाळंतपण गावात किंवा छोट्या दवाखान्यात अजिबात करायचं नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात आधीच दाखल करायचं, नाहीतर बाई हाती लागायची नाही. मंगलनं तशी जोखमीची नोंद केली. सण झाला, सोजर सासरी गेली.

आमची गिरणी नेमकी यासाठीच होती. कळंब आणि उमरगा, म्हणजे सोजरच्या माहेरचा आणि सासरचा, हे आमच्या चाचणीतले दोन तालुके. कळंबच्या आरोग्य विभागानं जोखमीची नोंद केली की उमरग्याच्या त्या गावातल्या अंगणवाडीला आपोआप सूचना जायची. गेली. अंगणवाडीच्या सेविकेनं तत्परतेनं उत्तरही दिलं. माझ्या स्क्रीनवर हिरव्या खुणा उमटल्या : सूचना पोचली, उत्तर आलं, प्रकरण पूर्ण.

पुढं एके दिवशी मंगलचा फोन आला.

"सर, आमच्या सोजरचं काय झालं?"

"सूचना पोचलीय की ताई. उत्तरही आलंय."

"उत्तर आलंय ते मला बी दिसतंय. पोरगी कुठंय, ते सांगा."

मी उत्तर उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'या नावाची गरोदर बाई गावात नाही.'

उत्तर आलं होतं, म्हणून यंत्रानं प्रकरण मिटवलं होतं. प्रत्येकानं आपलं काम केलं होतं. मंगलनं नोंद केली, आम्ही पोचवलं, सेविकेनं पाहून खरं ते कळवलं. आणि सोजर कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मंगलनं तिच्या नवऱ्याचा नंबर लावून पाहिला होता, तो लागत नव्हता. भाऊ ढोकीच्या कारखान्यावर उसाला गेलेला. त्यानं एवढंच सांगितलं, "सासरीच हाय की. बरी हाय." मंगल त्याला म्हणाली, अरे, मग सासरी तरी कळव. तर तो म्हणाला, "असलं सासरी कळवत न्हायत, ताई," आणि फोन ठेवला.

केतकीनं नोंदी पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. तिनं काम अगदी विचारानं केलं होतं. लग्नानंतर बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, हे तिनं धरलं होतं; सोजरच्या नोंदीतही अजून बापाचंच नाव होतं. म्हणून पहिलं नाव, जन्माचं साल आणि गाव यांवरून माणूस जुळवायची सोय होती. मोबाइल नंबराचा उपयोग नव्हता, कारण माहेरी भावाचा दिलेला आणि सासरी नवऱ्याचा. आधारचा क्रमांक? तो सगळ्या विभागांनी आपसात फिरवायची मुभा नव्हती, आणि कार्ड माहेरच्या ट्रंकेत. मुरुमकडच्या त्या गावात गरोदर बायका होत्या, पण सोजर एकही नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना वसुधा म्हणाली, "अहो, आमटीत मीठ नाहीये. आणि तुम्ही काही बोलत नाही."

ती तुळजापूरच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. वर्गातलं कुठलं पोर घरी मार खाऊन आलंय, हे तिला हजेरी घेतानाच कळायचं. मी तर रोजचा समोर बसणारा. मी सगळं सांगितलं.

"मग सोजर म्हणून कशाला शोधताय तिला?" ती म्हणाली.

"तिचं नावच सोजर आहे."

"माहेरी." तिनं मीठ पुढं सरकवलं. "असं बघा. आपल्या लग्नानंतर परांड्याहून माझा मामा आला असता, आणि त्यानं या गल्लीत येऊन 'आमची गोदा कुठं राहते' असं विचारलं असतं, तर तुमच्या आत्याबाई काय म्हणाल्या असत्या?"

आत्याबाई माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडणाऱ्या. त्यांनी मानही वर न करता सांगितलं असतं, "या नावाची बाई नाही हो इथं."

सेविकेचं उत्तर, जवळजवळ अक्षर अन् अक्षर तेच.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'वसुधा' असं मी लिहिलं होतं. नाव आत्याबाईंनी ठरवलेलं. अक्षर चांगलं आलं, म्हणून मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या तांदळाखाली गोदा होती, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि आठवणं यांत फरक असतो. जिल्ह्यातल्या माणसांची ओळख पटवणारी यंत्रणा मी बांधत होतो, आणि समोर ताट वाढून बसलेल्या बाईची दोन नावं मला सुचली नव्हती.

सकाळी कचेरीत मी हे सांगितलं तेव्हा केतकी बघतच राहिली. तिनं लग्नानंतर आडनावसुद्धा बदललं नव्हतं. "पहिलं नाव? म्हणजे आख्खंच नाव बदलतात? अजून?"

"काही घरांत बदलतात, काहींत नाही," मी म्हणालो.

शेख मॅडम म्हणाल्या, "आमच्यात निकाहात नाव बदलत न्हाय. पण माझ्या नणदा मला अजून 'दुल्हन' म्हणून हाका मारतात. माझ्या घरात सून आली, तरी मीच दुल्हन!"

मी सोजरच्या भावाला फोन लावला. मागं ट्रॅक्टरची धडधड चालू होती.

"तुझ्या बहिणीला सासरी काय म्हणतात रे?"

"ठेवलंय कायतरी. आमी सोजरच म्हंतो."

"सासरचं नाव काय, ते आठव."

"आमी कशाला ध्यानात ठेवावं ते?" तो ओरडून म्हणाला आणि मग कुणालातरी, "आये, सोजरला तितं काय म्हंत्यात गं?"

लांबून तिच्या आईचा आवाज आला. "आरती! आरती म्हंत्यात. कामून इचारतोस? काय झालं रं माझ्या पोरीला?"

"काही झालं नाही म्हणावं," मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

शेख मॅडमनी लगेच त्या गावच्या सेविकेला फोन केला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. "तुमच्याकडं आरती नावाची गरोदर बाई आहे का हो?"

"हाय की मॅडम. ही काय, म्होरंच बसलीय. वजन कराय आलीय. देऊ का फोन तिला?"

केतकीनं खुर्ची ओढली आणि खाली बसली. शेख मॅडमनी पोरीला फोन घेऊन अंगणवाडीबाहेर एका बाजूला यायला सांगितलं आणि स्वतःही फोन घेऊन व्हरांड्यात गेल्या. बऱ्याच वेळानं आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीचा नव्हता.

"पोरीला सगळं ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणाले, शब्द न् शब्द ठाऊक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून निवांत होती. माहेरी जाऊन गुपचूप दाखल होणार होती. पण माहेरचे सगळे उसाला गेले. आता सासूनं गावच्या उपकेंद्रात ठरवलंय. आणि ती म्हणते, मॅडम, कायबी करा, पण सासरी सांगू नका. झडपेचं लग्नात लपवलं म्हणतील आन् परत आणून सोडतील."

"पण लपवलं नव्हतं ना? दिवस गेल्यावर तर कळलं," केतकी म्हणाली.

"ते तुम्हाला न् मला. तिच्या सासूला कोण पटवणार?"

बाई सापडली होती आणि तरीही हातात आली नव्हती. पहिल्या खेपेला नुसतं नाव विचारलं गेलं होतं; आता यंत्रात नाव दुरुस्त केलं की पूर्ण सूचना, रोगाच्या नावासकट, त्या अंगणवाडीच्या मोबाइलवर जाणार. छोट्या गावात सेविकेला कळलं म्हणजे पारावर कळलं. न पाठवावी तर सासू उपकेंद्रावर अडून बसलेली.

दुपारी बैठक झाली. आरोग्य विभागाचे एक डॉक्टर आग्रहानं म्हणत होते, "कारण लिहिलंच पाहिजे. कारणाशिवाय घरचे ऐकत नाहीत. आणि माहिती सामाईक करायची म्हणूनच तर हा खटाटोप चाललाय ना?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. आम्हीच दोन वर्षं सगळ्यांच्या मागं लागलो होतो, माहिती द्या, माहिती द्या.

सरवदे साहेब डॉक्टरांकडं वळले. ते म्हणाले, "डॉक्टर साहेब, गिरणीवाला विचारत न्हाय, भाकरी करणार का शेव."

"म्हणजे?"

"म्हणजे अंगणवाडीला काय करायचंय? बाईला गाडीत बसवायचंय. झडप दुरुस्त करायची न्हाय. तेवढ्यापुरतं पीठ द्या तिला."

केतकी उठून तिच्या संगणकाकडे गेलीसुद्धा. एका सूचनेच्या तिनं दोन केल्या. डॉक्टरांना रोगासकट सगळं दिसेल. अंगणवाडीला आणि गाडीवाल्याला फक्त एक ओळ : 'हे बाळंतपण जिल्ह्याच्या दवाखान्यात. आधी दाखल करणे.' हे वेगळं करणं आमच्या रचनेत सोपं होतं, कारण सेवा मुळातच सुट्या होत्या. एकच अवाढव्य सॉफ्टवेअर असतं तर महिना गेला असता. लोक मला विचारतात, त्या सगळ्या उद्योगाचा फायदा काय झाला. मी हा दिवस आठवतो.

शेख मॅडम स्वतः मुरुमकडं गेल्या. सासूबाईंनी सेविकेला विचारलंच, "का म्हून इतक्या लांब? आमची तीन लेकरं घरी झाली."

सेविकेला कारण माहीत नव्हतं. तिनं मोबाइल पुढं धरला. "मावशी, कम्प्युटरनं काढलंय नाव."

"कम्प्युटरनं काढलंय व्हय?" सासूबाई विचारात पडल्या. "मंग जायाच पायजे."

आयुष्यभर संगणकावर काम करून त्याच्यावरचा असला विश्वास मला कधी आवडला नाही. त्या दिवशी आवडला.

सोजर वेळेआधी दाखल झाली. बाळंतपण अवघड गेलं. आम्ही कचेरीत कामं करत होतो, म्हणजे स्क्रीनकडं बघत होतो. पण हिरव्या खुणेवर आता कुणाचाच भरवसा राहिला नव्हता. मंगल दवाखान्यात गेली होती. तिचाच फोन आला. "मुलगी झाली. दोघी बी नीट हायत." शेख मॅडमनी चहावाल्याला बोलावून सगळ्या मजल्याला चहा सांगितला. नवऱ्याला पुढं सोजरनं स्वतःच सांगितलं म्हणे, दवाखान्यातच. तो काय म्हणाला ते आम्ही विचारलं नाही. ते गिरणीचं काम नव्हतं.

मग आमचं शिल्लक काम. ओळखीच्या सेवेत स्त्रियांसाठी एक चौकट वाढवायची ठरली. तिला नाव काय द्यायचं यावर मोठी चर्चा झाली. कुणी म्हणालं, 'पर्यायी नाव'. कुणी म्हणालं, 'उर्फ'. सरवदे साहेब म्हणाले, "उर्फ पोलीस ठाण्यात असतं, साहेब." मी घरी वसुधाला विचारलं. ती वह्या तपासत होती. लाल पेन न थांबवता म्हणाली, "बोलताना विचारतो तसंच लिहा की. माहेरी तुम्हाला काय म्हणतात?"

सरकारी पडद्यावर असा बोलल्यासारखा प्रश्न कसा चालेल, म्हणून एका अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांना याहून बरा सुचेना, म्हणून तोच राहिला.

त्या प्रश्नानं काय काय झालं, ते मी शिबिरांत पाहिलं. नाव, वय, गाव विचारताना बायका खालमानेनं उत्तरं देत. हा प्रश्न आला की वर बघत. कुणी लाजायची, कुणी शेजारणीला कोपरानं ढोसायची. येरमाळ्याच्या शिबिरात निराधार योजनेसाठी आलेली एक म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. सेविकेला वाटलं, ऐकू आलं नाही. तिनं मोठ्यानं विचारलं.

"आईकलंय की," म्हातारी म्हणाली. "ठकू. ठकू म्हणायचे." आणि तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "म्हणणारे समदे गेले की, बाई. आता लिवून ठिवलं तर ऱ्हाईल."

निराधार, शिधा, अंगणवाडी, आरोग्य, अपंग कल्याण, एकेक विभाग आमच्या रांगेत डबा घेऊन आला. एक विभाग शेवटपर्यंत आला नाही. त्यांचे साहेब दर वेळी 'तपासून कळवतो' म्हणायचे. मी निवृत्त झालो त्या दिवशी हार घालायला आले, तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. याची मला रुखरुख नाही. रुखरुख वेगळीच आहे. सोजरच्या आधी किती सूचनांना 'या नावाची बाई नाही' असं उत्तर आलं असेल आणि आम्ही हिरवी खूण पाहून समाधान मानलं असेल, ते आता कळायला मार्ग नाही. सोजरच्या मागं मंगल होती. सगळ्यांच्या मागं मंगल नसते.

वसुधा गेल्यावर दिवसकार्य उरकलं, पाहुणे परतले आणि मी नोंदीसाठी तुळजापूरच्या सुविधा केंद्रात गेलो. भाचा म्हणाला होता, मी करतो मोबाइलवरून. मी म्हटलं, नको, मी जातो.

खिडकीपलीकडं मध्यम वयाची एक बाई होती. मला ओळखत नव्हती, आणि ओळखण्याचं कारणही नव्हतं. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. "आता एकदाच सांगायचं, काका," ती समजावून म्हणाली. "पहिल्यासारखे हेलपाटे न्हायत. इथनंच पेन्शनला, रेशनला, सगळीकडं कळतं. परत कुणी विचारणार न्हाय तुम्हाला."

"हो का?" मी म्हणालो.

तिनं नाव विचारलं, मी सांगितलं. वय, पत्ता, तारीख. मी सगळं नीट सांगितलं. कागद बरोबर होते. मग ती पडद्याकडं बघत म्हणाली, "माहेरी काय म्हणायचे त्यांना?"

तो प्रश्न येणार हे मला माहीत असायला हवं होतं. जिल्ह्यात माझ्याइतकं ते कुणाला माहीत असणार? तरी मी हातातले कागद पुन्हा चाळू लागलो. लग्नानंतर मी तिला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. घरात कुणीच मारली नव्हती. परांड्याचा मामा केव्हाच गेला, भाऊ गेला. ठकूसारखंच, म्हणणारे समदे गेले होते.

"काका?"

"गोदा," मी म्हणालो.

"नुसतं गोदा?"

"गोदावरी. पण गोदा म्हणायचे."

तिनं टाइप केलं. मग नियमाप्रमाणं, खात्री करायला, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. "वसुधा मुळे. माहेरचं नाव गोदावरी, गोदा म्हणायचे. बरोबर?"

"बरोबर."

"मग झालं, काका. परत कुठं सांगायची गरज न्हाय."

मी उठलो नाही. मागं रांग होती, ती मला दिसत होती.

"एकदा परत वाचता का?" मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. काही विचारलं नाही. पडद्याकडं वळून तिनं ते पुन्हा वाचलं, या खेपेला जरा सावकाश.